देखण्या चेहऱ्यासमोर पडणारी भीड

वाचक भगिनीचे पत्र (संक्षिप्त) :

"माझे वय ५१. ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहते आणि गेली २४ वर्षे शाळेत शिकवते आहे. पुढच्या महिन्यात मुलीचा साखरपुडा आहे. पाळी जाण्याच्या सुमारास माझे वजन वाढले आणि जुनी अंतर्वस्त्रे अंगाला काचू लागली, म्हणून एका रविवारी संध्याकाळी मी एकटीच मॉलमधल्या एका मोठ्या दुकानात गेले. त्या विभागातली मुलगी बावीस-तेवीस वर्षांची, सडसडीत आणि अतिशय देखणी होती. तिने हसून 'मॅम, साइझ काय?' असे विचारले आणि माझ्या तोंडून शब्दच फुटेना. मी तिला जरा तोडूनच म्हणाले, 'तू राहू दे, कुणी मोठी बाई नाही का इथे?' तिचा चेहरा उतरला. काहीही न घेता मी खाली आले, तर दाराजवळच्या सौंदर्यप्रसाधनांच्या काउंटरवर एका तरुणाने मला थांबवले. तोही तसाच देखणा. माझ्या गालांवर वांग आहेत. ते सहा आठवड्यांत जातील असे तो म्हणाला, 'मॅम, तुमची स्किन मुळात खूप छान आहे,' असेही म्हणाला. दहा मिनिटांत मी ३,२०० रुपयांचे सीरम, २,४५० चे क्रीम आणि १,७५० चे सनस्क्रीन, असा ७,४०० रुपयांचा माल घेऊन बाहेर पडले. नवऱ्याला अजून सांगितलेले नाही. मुलीला सांगितले तर ती हसली. मी वर्गात ६० मुले सांभाळते, मग एका चेहऱ्यासमोर माझे असे का व्हावे? दुकानांनी असे मॉडेलसारखे लोक ठेवणे योग्य आहे का? हा माल परत करता येईल का? की यापुढे सगळे ऑनलाइनच मागवावे?"

प्रिय भगिनी,

तुम्ही मला चार प्रश्न विचारले आहेत, परंतु पत्रात एक वाक्य असे आहे की ज्याबद्दल तुम्ही काहीच विचारलेले नाही : "तिचा चेहरा उतरला." ७,४०० रुपयांइतकेच ते वाक्यही तुम्हाला टोचत असावे, नाहीतर त्याला पत्रात जागा मिळाली नसती. त्याच्याकडे मी येणारच आहे. आधी त्या संध्याकाळी तुमचे नेमके काय झाले ते पाहू, कारण ते उमगले की बाकीचे बरेचसे सोपे होते.

वरवर पाहता दोन उलट गोष्टी घडल्या. वरच्या मजल्यावर हवी असलेली वस्तू तुम्ही घेतली नाहीत आणि खालच्या मजल्यावर नको असलेली घेतलीत. एका देखण्या चेहऱ्यापासून तुम्ही पळ काढलात आणि दुसऱ्या देखण्या चेहऱ्यासमोरून तुमचा पाय निघेना. मला या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते आणि आपल्या भाषेत तिला फार नेमका शब्द आहे, तो म्हणजे भीड. समोरच्याच्या नजरेत आपण कसे दिसू या विचाराने जीभ अडखळते, ती भीड. त्या मुलीसमोर तुम्हाला माप सांगायची भीड पडली आणि त्या तरुणासमोर 'नको' म्हणायची. 'भीड भिकेची बहीण' असे आपल्या आया-आज्या सांगत आल्या. हा अनुभव एखाददुसऱ्या दुबळ्या बाईचा असता तर त्याची म्हण झाली नसती. म्हणून वर्गातल्या ६० मुलांशी या प्रसंगाची तुलना करून स्वतःला कमी लेखू नका. वर्गात पाहणाऱ्या तुम्ही असता. दुकानात, त्या लख्ख उजेडात आणि चहूबाजूंच्या आरशांत, तुमच्याकडे कुणीतरी पाहत होते, आणि ते कुणीतरी तरुण व सुंदर होते.

देखण्या माणसाबद्दल आपले मन फार लवकर चांगले मत बनवते, हे मानसशास्त्रज्ञांनी शंभर वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवले आहे. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे अभ्यासले, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या वेगवेगळ्या गोष्टींच्या शेऱ्यांत नको इतका मेळ त्यांना आढळला. एका बाबतीत उजवा वाटलेला माणूस अधिकाऱ्यांना बाकीच्या बाबतींतही उजवा वाटत होता. देवाच्या मूर्तीमागची प्रभावळ जशी सगळ्या मूर्तीवर उजेड पाडते, तसा एक गुण बाकीच्या गुणांवर उजेड पाडतो, म्हणून याला वलय परिणाम म्हणतात. पुढे १९७२ मध्ये कॅरन डायन, एलेन बर्शाइड आणि इलेन वॉल्स्टर या तिघींनी लोकांना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवून मते विचारली. देखण्या चेहऱ्यांची माणसे स्वभावाने चांगली असतील, त्यांना चांगली कामे मिळतील, त्यांचे संसार सुखाचे होतील, असे लोकांनी केवळ छायाचित्रावरून सांगितले. ती आईवडील म्हणूनही अधिक चांगली ठरतील असे मात्र कुणाला वाटले नाही, हा त्या अभ्यासातला तपशील मला फार बोलका वाटतो. तुम्ही शिक्षिका आहात. टापटीप, गोड चेहऱ्याच्या मुलाच्या उत्तरपत्रिकेला अर्धा गुण अधिक द्यावासा वाटतो आणि मग स्वतःला आवरावे लागते, हे तुम्हाला मी वेगळे सांगायला नको.

दुकानातल्या खरेदीविषयीही असे अभ्यास झालेले आहेत. जेनिफर आर्गो, डॅरेन डाल आणि अँड्रिया मोरालेस यांनी २००८ मध्ये असे दाखवले की एखाद्या कपड्याला आकर्षक आणि भिन्नलिंगी व्यक्तीचा स्पर्श झाला आहे असे कळले, तर तोच कपडा गिऱ्हाइकाला अधिक चांगला वाटतो. कपडा तोच, शिवण तीच, किंमत तीच. फक्त हात बदलला. त्या तरुणाने बाटली उघडून तुमच्या हाताच्या पाठीवर थेंब लावला असेल आणि बोटाने गोल गोल जिरवला असेल, तर त्या स्पर्शाचा काही भाग त्या ३,२०० रुपयांत होता असे समजायला हरकत नाही. आणि वरच्या मजल्यावर जे झाले त्याचेही उत्तर आहे. हाँगकाँगच्या लिसा वॉन आणि रॉबर्ट वायर यांनी २०१५ मध्ये याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केले. वस्तू संकोच वाटण्याजोगी असेल, तर देखणा विक्रेता गिऱ्हाइकाला जवळ आणण्याऐवजी दूर लोटतो, कारण अशा माणसासमोर आपली प्रतिमा बिघडेल अशी धास्ती गिऱ्हाइकाला वाटते, असे त्यांना आढळले. म्हणजे तुम्ही जे केलेत ते इतरही करतात, पुरुषसुद्धा करतात. टक्कल लपवण्याचे औषध किंवा पोट आवळणारा पट्टा मागताना एखाद्या सुंदर मुलीऐवजी मागच्या काउंटरवरच्या वयस्क गृहस्थांकडे वळणारे पुरुष मी स्वतः पाहिले आहेत.

येथे मला माझ्या लहानपणची एक आठवण सांगावीशी वाटते. आई मला नौपाड्यात गोखले रस्त्यावरच्या एका साड्यांच्या दुकानात घेऊन जात असे. चपला बाहेर काढायच्या, पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचे, आणि समोर नाकावर चष्मा आलेले, पुष्कळसे टक्कल पडलेले, पोट सुटलेले एक गृहस्थ. आईने नारायणपेठ किंवा इरकल दाखवा म्हटले की ते एक साडी उलगडत, झटकन स्वतःच्याच अंगावर घेत आणि पदर डाव्या खांद्यावरून पुढे ओढून दोन्ही हातांनी पसरून धरत. त्या पदराच्या वर त्यांचा घामेजलेला चेहरा असे, पण आईला तो दिसतच नसे. ती काठ उलटा करून मागची वीण पाही, पोत दोन बोटांत चोळून पाही, पदर दाराच्या उजेडात न्यायला सांगे. ते गृहस्थ चांगले दिसतात की वाईट, हा विचार तिच्या मनात एकदाही आला नसेल, आणि आपण त्यांना कशा दिसतो हा विचार तर मुळीच नाही. त्यामुळे तिची नजर साडीवरून हलत नसे.

तरीही त्या गादीवर भीड नव्हती असे मात्र मी म्हणणार नाही. चाळीस साड्या उलगडून झाल्या, मध्ये चहा येऊन गेला, की 'एवढं सगळं काढायला लावलं, आता न घेता उठायचं कसं?' अशी दुसरी भीड तेथे वाट पाहत असे. ती समोरच्याने घेतलेल्या श्रमांतून आणि पाहुणचारातून येई, सौंदर्यातून नव्हे. आईने त्यावर उपाय करून ठेवला होता. साडीसाठी ठरवलेली रक्कम ती एका वेगळ्या छोट्या बटव्यात बांधून नेई आणि मोठी पर्स घरीच ठेवी. साडी न आवडल्यास, 'ह्यांना विचारून उद्या येते,' एवढे एक वाक्य ती न अडखळता बोले. वडिलांना साडीतले काही कळत नव्हते आणि ती त्यांना कधीही विचारत नव्हती, परंतु ते वाक्य घरून ठरवून नेलेले असल्यामुळे ऐनवेळी शब्द शोधावे लागत नसत. तुमच्या बाबतीत मला जे सांगायचे आहे ते बहुतांशी या बटव्यात आणि या वाक्यातच आहे : निर्णय त्या चेहऱ्यासमोर घ्यायचा नाही, तो घरी घेऊन जायचा.

आता त्या खालच्या काउंटरविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्याची रचना समजली की तुमचा निम्मा अपराधभाव जाईल. मोठ्या दुकानांत सौंदर्यप्रसाधने बहुधा तळमजल्यावर, दाराशी असतात. आत येणाऱ्याला आणि बाहेर जाणाऱ्याला ती टाळता येत नाहीत. तेथे उभी असलेली मुले-मुली दिसायला दुकानाची वाटली तरी अनेकदा त्या त्या कंपनीने नेमलेली असतात. त्यांना महिन्याचे टार्गेट असते आणि पगाराचा काही भाग विक्रीवर मिळणाऱ्या इन्सेंटिव्हचा असतो. ती तुम्हाला बसायला उंच स्टूल देतात, म्हणजे पटकन उठता येत नाही. चेहऱ्याच्या एकाच बाजूला किंवा एकाच हाताला क्रीम लावतात, म्हणजे दुसरी बाजू तुम्हालाच कोमेजलेली वाटू लागते. आधी उणीव दाखवायची, लगेच कौतुक करायचे आणि मग बाटली पुढे करायची, हा क्रमही शिकवलेला असतो. 'वांग आहेत' आणि 'स्किन मुळात खूप छान आहे' ही दोन वाक्ये तुम्हाला त्याच क्रमाने ऐकू आली, हे तुमच्याच पत्रात आहे. त्या मुलाने तुमच्याशी काही वैर केले नाही. शिकवलेले काम त्याने चोख केले. मात्र त्याच्या हसण्याच्या बदल्यात तुम्ही त्याला काही देणे लागता असे जे तुम्हाला वाटले, ते खरे नव्हते. हसण्याचा पगार त्याला कंपनी देते.

माल परत करण्याविषयी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आहे. बिलात ठरवून दिलेल्या मुदतीत, आणि तशी मुदत दिलेली नसल्यास ३० दिवसांत, सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही त्या कायद्याप्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा ठरते. 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही बिलाखालची ओळ सदोष मालाच्या बाबतीत दुकानदाराला वाचवू शकत नाही. पण केवळ मन बदलले म्हणून वस्तू परत करण्याचा हक्क हा कायदा देत नाही. तो दुकानाच्या धोरणाचा प्रश्न राहतो, आणि उघडलेले प्रसाधन आरोग्याच्या कारणाने सहसा कुणी परत घेत नाही. म्हणून जी बाटली अजून उघडली नसेल ती कृपा करून उघडू नका. बिल घेऊन दोन-चार दिवसांत दुकानात जा आणि काउंटरवरच्या त्या तरुणाकडे न जाता व्यवस्थापकांना भेटून बदली किंवा परतावा मागा.

तुमच्या हातात एक मुद्दा याहून बळकट आहे. 'सहा आठवड्यांत वांग जातील' असे तुम्हाला सांगण्यात आले. वस्तूच्या गुणाविषयी खोटे विधान करणे, मग ते लेखी असो वा तोंडी, यालाही हा कायदा अनुचित व्यापारी प्रथाच मानतो. शिवाय औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० प्रमाणे सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छतेसाठी, शोभेसाठी, रूप खुलवण्यासाठी लावायची वस्तू. विकार बरा करणे हे औषधाचे काम. वांग घालवून देण्याचा शब्द प्रसाधनाच्या काउंटरवर कुणी देत असेल, तर तो आपल्या मालाच्या कक्षेबाहेरचे बोलतो आहे. हे व्यवस्थापकांना शांतपणे सांगा आणि मग ईमेलनेही कळवा. उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. त्यापुढे ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तेथे शुल्क नाही, वकील लावण्याची सक्ती नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. तरी माझे प्रामाणिक मत विचाराल तर तोंडी शब्द सिद्ध करणे कठीण असते, घरात साखरपुडा आहे, आणि या रकमेसाठी आयोगापर्यंत जाण्याची दगदग आता घेऊ नये. व्यवस्थापक आणि १९१५, एवढे मात्र नक्की करा, कारण न बोलता बसलात तर ती बाटली रोज कपाटातून तुमच्याकडे पाहत राहील.

सनस्क्रीन परत करू नका. उन्हाने वांग वाढतात आणि त्यावरच्या कोणत्याही उपचारात उन्हापासून जपणे हा पहिला भाग असतो, त्यामुळे ते १,७५० रुपये वाया गेलेले नाहीत. उरलेल्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि मैत्रिणींनी सुचवलेल्या गोरे करणाऱ्या मलमांच्या वाटेला जाऊ नका. अशा काही मलमांत स्टेरॉइड असते आणि त्याने चेहऱ्याची त्वचा पातळ होऊन दुखणे मागे लागते. नवऱ्याला आजच सांगा. रक्कम लपवण्यासारखी नाही. लपवल्यामुळे मात्र ती रोज थोडी थोडी मोठी होत चालली आहे.

दुकानांनी देखणे लोक निवडून ठेवावेत का, हा तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. चेहरा पाहून माणसे नेमण्याची सर्वांत गाजलेली गोष्ट अमेरिकेतल्या अबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या कंपनीची आहे. तेथे दुकानात काम करणाऱ्यांना 'मॉडेल' असेच म्हणत. डोक्याला स्कार्फ बांधणाऱ्या एका मुस्लिम तरुणीला नोकरी नाकारल्याचा खटला तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. त्याच वर्षी कंपनीने 'मॉडेल' हा शब्द सोडला आणि यापुढे शरीर किंवा रूप पाहून नेमणूक करणार नाही असे जाहीर केले. आपल्याकडे हे इतके उघडपणे कुणी लिहून देत नाही. नोकरीच्या जाहिरातीत 'प्रेझेंटेबल' एवढा एक शब्द असतो, आणि त्यात रंग, बांधा, उंची आणि इंग्रजी उच्चार हे सगळे न लिहिता मावते. हे मला अन्यायाचे वाटते. ज्या मुलीला कापडाचा पोत कळतो, जी समोरच्या बाईची नजर पाहून तिला आडोशाला नेऊन हळू आवाजात विचारते, ती मुलगी सावळी किंवा जाडी आहे म्हणून मुलाखतीतूनच परत जात असेल, तर नुकसान तिचे आहेच, पण तुमचेही आहे. त्या रविवारी तुम्हाला हवी होती ती तशीच कुणीतरी.

परंतु म्हणून त्या दुसऱ्या मुलीला, जिला तिच्या रूपामुळे ते काम मिळाले असेल किंवा नसेलही, आपण दोष देऊ शकत नाही.

मी ऐरोलीला राहते. आमच्या इमारतीतली एक मुलगी ठाण्याच्या एका मॉलमध्ये काम करते. सकाळी ट्रान्स हार्बरची गाडी पकडते आणि रात्री अकराच्या सुमारास परत येते. दिसायला खरोखरच सुरेख आहे. जिन्यात भेटली तर मान वळते. एका रात्री तिची आई गावाला गेलेली असताना ती माझ्याकडे जेवायला आली. काळे बंद बूट तिने दारात काढले तेव्हा टाचांवर, बुटाची कड लागते तेथे, दोन्ही पायांना ओली जखम होती आणि मोज्याचा धागा तिला चिकटला होता. मी कोमट पाण्यात मीठ घालून पाय सोडून बसायला सांगितले. मोजा सुटेपर्यंत ती ओठ दाबून होती. काउंटरवर बसायला खुर्ची नसते, लिपस्टिकची छटा ठरलेली असते, अंबाडा सुटता कामा नये. "काकू, पायांचं सवयीचं झालंय, पण हसून हसून गाल दुखतात," असे ती म्हणाली. आणि मग तिने जे सांगितले ते तुमचे पत्र वाचताना मला जसेच्या तसे आठवले. ती म्हणाली की वयाने मोठ्या बायका कधी कधी तिला हात करून बाजूला सारतात आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलवायला सांगतात. "मला वाटतं माझ्या बोलण्यात काही चुकतंय. मी आरशात बघून सराव करते, तरी तसंच होतं."

तिच्या बोलण्यात काही चुकत नव्हते हे तिला कुणी सांगितलेच नाही. तुमच्या समोरच्या मुलीलाही कुणी सांगितलेले नाही. तुम्हाला वाटले की ती तुमच्याकडे पाहून मनात काही म्हणते आहे; ती बहुधा विचार करत होती की हे गिऱ्हाईक गेले तर आजचा आकडा कसा भरणार, किंवा सुपरवायझरने हे पाहिले तर काय. केरळमध्ये कपड्यांच्या दुकानांतल्या बायकांनी कामाच्या वेळी बसायला मिळावे म्हणून लढा दिला आणि २०१८ मध्ये कायद्यात तशी दुरुस्ती करून घेतली. तमिळनाडूनेही २०२१ मध्ये तसाच कायदा केला. नुसत्या बसण्यासाठी बायकांना कायदा मागावा लागला, यावरून त्या चकचकीत मजल्यावरचा दिवस कसा असतो ते समजते. त्या मुलीकडे एकदा अशा रीतीने, टाचेपासून पाहा. सौंदर्य तसेच राहील, पण भीड पडायला जी उंची लागते ती राहणार नाही.

ऑनलाइनचे म्हणाल तर सीरम, वह्या, चादरी खुशाल मागवा. त्यात चेहऱ्याची भीड नाही, हा खरा फायदा आहे. मात्र ज्या वस्तूसाठी तुम्ही गेला होतात ती वस्तू मापाची आहे, तुमचे माप नुकतेच बदलले आहे, आणि अशा वेळी अंगावर घालून पाहिल्याशिवाय घेतलेले बहुधा कपाटात पडून राहते. शिवाय संकोचाची प्रत्येक वस्तू पडद्याआडून मागवू लागलो तर संकोच वाढतच जातो, असे माझे मत आहे.

म्हणून जा, पण अशा तयारीने जा. घरी इंच टेपने छातीच्या लगेच खालचा घेर मोजा आणि मग छातीचा पूर्ण घेर मोजा. खालचा घेर ३४ आणि वरचा ३७ आला तर फरक ३ इंचांचा, म्हणजे बहुतेक तक्त्यांप्रमाणे माप ३४ सी. कंपनीगणिक यात थोडे इकडेतिकडे होते, म्हणून शेजारचे एक माप जास्तीचे घेऊन ट्रायल रूममध्ये घालून पाहा. आकडा, रंग आणि किती नग हवेत ते एका चिठ्ठीवर लिहा. तोंडून शब्द फुटत नसतील तर चिठ्ठी पुढे करायची. पायाच्या मापाला आपल्याला कधी लाज वाटली नाही, हेही तसेच एक माप आहे. साखरपुड्याच्या खर्चातून या खरेदीसाठी ठरवलेली रक्कमच सोबत न्या, रोख. खालच्या काउंटरवर कुणी थांबवले तर न थांबता, चालता चालता, 'आज नको, धन्यवाद' एवढे म्हणायचे; कारण द्यायचे नाही, कारण दिले की त्यावर उत्तर तयार असते. हे वाक्य घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा. शाळेतल्या मुलांकडून भाषण पाठ करून घेता ना, तसेच.

रविवारी संध्याकाळी जाऊ नका. मधल्या वारी, शाळा सुटल्यावर दुपारी जा, तेव्हा गर्दी नसते आणि मुलींनाही जरा सवड असते. तीच मुलगी असेल तर दुसऱ्या कुणाकडे वळू नका, चिठ्ठी तिच्याच हातात द्या. "त्या दिवशी मी तुला तोडून बोलले, ते माझ्या संकोचामुळे, तुझं काही चुकलं नव्हतं," एवढे तिला सांगा. ती नसेल तर तिच्या सहकारी मुलीजवळ हाच निरोप ठेवा, आणि बिल करताना तिथे अभिप्रायाची वही असेल तर तिच्या कामाविषयी दोन ओळी लिहून खाली सही करा.